कळफलकाच्या कडेने : कंट्रोल-क्यूची किंमत



गेल्या वेळी फॉन्टबद्दल लिहिलं, तेव्हा दोघा-तिघांनी साधारण एकच प्रश्न विचारला. "तुम्ही डिझाइनवाले माऊसला फारसा हात न लावता एवढं झपाझप काम करता, ते शॉर्टकट पाठ कसे करता? आणि ते आपल्या सोयीने बदलता येतात म्हणे, तर बदलावेत का?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. पाठ कुणी करत नाही, ते हाताला लागतात. स्वयंपाक करणाऱ्याला मिठाचा डबा कुठे आहे ते बघावं लागत नाही, तसंच. दुसऱ्याचं उत्तर मला बरंच महागात मिळालेलं आहे, म्हणून आज तेच सांगतो. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा :-)

नवीन मंडळींसाठी थोडी ओळख. मी काम करतो हमरिया फ्री झोनमध्ये. हा शारजाचाच तुकडा, पण शारजा शहरापासून दूर. अजमान ओलांडून उम्म अल क्वैनच्या दिशेने निघालात की समुद्राच्या अंगाला गोदामं, क्रेन आणि तेलाच्या टाक्या दिसायला लागतात, ते आमचं गाव. १९९५ साली शारजाच्या शासकांच्या फर्मानाने हा झोन झाला. स्वतःचं बंदर आहे. पोलाद, लाकूड, वंगणतेल, खाद्यपदार्थ, सगळ्याची ये-जा. बाहेरून येणाऱ्याला वाटतं इथे नुसते ट्रक आणि धूळ. पण जिथे माल तिथे डबा, आणि जिथे डबा तिथे लेबल. ते लेबल कुणीतरी कॉम्प्युटरपुढे बसून करायचं असतं. तो मी.

आता मुद्द्याकडे. पण त्यासाठी आधी सांगलीला जावं लागेल.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी सांगलीत एका डीटीपीच्या दुकानात लागलो. पेजमेकर आणि कोरेल-ड्रॉ ही आमची दोन दैवतं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, हॅंडबिलं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. मराठीसाठी श्रीलिपी, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची. युनिकोड अजून आमच्या गल्लीपर्यंत पोचलेलं नव्हतं. त्या काळच्या फॉन्टची गंमत अशी, की कॉम्प्युटरच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या खणांमध्ये मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असायचे. इथे एक काना, तिथे अर्धा 'स', कुठल्यातरी चिन्हाच्या जागी रफार. आपल्या कॉम्प्युटरवर सगळं छान दिसायचं. पण फाइल जिथे छपाईला जायची तिथे तोच फॉन्ट नसला, तर 'चि. सौ. कां.'च्या जागी डॉलर, टक्के आणि कंस! वधूपित्याला काय सांगणार?

यावर उपाय एकच होता, कर्व्ह करणं. सगळं सिलेक्ट करायचं आणि कंट्रोल-क्यू दाबायचं. अक्षराचं चित्र झालं. आता फॉन्ट असो नसो, मात्रा हलणार नाही. आमचे मालक काउंटरवरूनच ओरडायचे, "कर्व्ह केलंस का रे?" "केलं मालक." लगेच दुसरा प्रश्न, "मूळ फाइल वेगळी ठेवलीस का?" कारण एकदा कर्व्ह झालं की ते अक्षर राहत नाही. त्यात काना घालता येत नाही की वेलांटी बदलता येत नाही.

दिवसातून पन्नास वेळा कंट्रोल-क्यू, असं पाच-सहा वर्षं चाललं. ती कळ माझ्या डोक्यात नव्हतीच, मनगटात जाऊन बसली होती. माझ्या पिढीच्या महाराष्ट्रातल्या कुठल्याही कोरेलवाल्याला विचारा, तो हेच सांगेल. आमच्या लेखी कंट्रोल-क्यू म्हणजे 'झालं, आता पाठवा'.

२००५ साली इथे आलो, तर इथे सगळं काम इलस्ट्रेटरवर. तेही मिडल ईस्ट आवृत्तीवर, कारण अरबी उजवीकडून डावीकडे जाते, आणि अक्षराचा आकार ते शब्दात सुरुवातीला आहे की मध्ये की शेवटी यावर बदलतो. साध्या आवृत्तीला तेव्हा ते झेपायचं नाही. पहिल्या दिवशी लेबल तयार केलं, सगळं सिलेक्ट केलं, सवयीने कंट्रोल-क्यू मारलं, आणि प्रोग्रॅम म्हणतो, "बंद करतो, सेव्ह करू का?" त्या दिवशी मी दुकानाचं शटर तीन वेळा खाली ओढलं.

हे असं का, ते मला नंतर कळलं. इलस्ट्रेटर १९८७ साली आलं ते मॅकिंतॉशवर. ॲपलच्या जगात कमांड-क्यू म्हणजे प्रोग्रॅम बंद. विंडोजवर येताना ती सवय कंट्रोल-क्यू होऊन सोबत आली. कोरेल-ड्रॉ १९८९ चं, कॅनडातलं, आणि वाढलं विंडोजवर. विंडोजमध्ये बंद करायला ऑल्ट-एफ-फोर असतं. त्यामुळे कोरेलमध्ये क्यू या कामात गुंतलेली नव्हती, ती कर्व्हला मिळाली. दोन घराण्यांच्या दोन रीती. आणि एवढ्यावर थांबत नाही :

कंट्रोल-जे : कोरेलमध्ये ऑप्शन्सची खिडकी, इलस्ट्रेटरमध्ये रेषेची दोन टोकं जोडणं, फोटोशॉपमध्ये लेयरची नक्कल.

कंट्रोल-यू : कोरेलमध्ये ग्रुप सोडवणं, इलस्ट्रेटरमध्ये स्मार्ट गाइड्स चालू-बंद, फोटोशॉपमध्ये ह्यू-सॅच्युरेशन.

कंट्रोल-के : कोरेलमध्ये जोडलेले आकार सुटे करणं, अडोबीच्या दोन्ही प्रोग्रॅममध्ये प्रेफरन्सेस.

सगळ्यांमध्ये समान अशा मोजक्याच : झेड, एक्स, सी, व्ही. कट-कॉपी-पेस्टची कल्पना ज्यांनी रुजवली त्यांतले एक लॅरी टेस्लर. सत्तरच्या दशकात ते झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात होते, १९८० साली ॲपलमध्ये गेले, आणि तिथे लिसा व मॅकिंतॉशबरोबर या चार कळा जगभर गेल्या. बघा, चारही ओळीने, डाव्या हाताखाली, म्हणजे उजवा हात माऊसवर मोकळा. एक्स फुलीसारखा, सी कॉपीचा, आणि व्ही म्हणजे 'इथे घाला' असं दाखवणारी खूण उलटी केल्यासारखी. टेस्लर फेब्रुवारी २०२० मध्ये गेले. आपण रोज शंभर वेळा त्यांनी घालून दिलेल्या वाटेने जातो आणि नाव पुष्कळांना माहीतही नसतं. असो.

तर मी काय केलं? वैतागून महिन्याभरात इलस्ट्रेटरच्या कळा बदलायला घेतल्या. एडिट मेनूत कीबोर्ड शॉर्टकट्स, किंवा थेट कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-के. फोटोशॉपमध्येही हीच. खिडकी उघडते, वर टूल्स की मेनू ते निवडायचं, हवी ती आज्ञा शोधायची आणि तिच्यापुढे नवी कळ दाबायची. कर्व्हला इलस्ट्रेटरमध्ये 'क्रिएट आउटलाइन्स' म्हणतात, तिची मूळ कळ कंट्रोल-शिफ्ट-ओ. तिथे मी दिली कंट्रोल-क्यू. प्रोग्रॅमने इशारा दिला, की ही कळ 'एक्झिट'कडे होती, ती आता त्याच्याकडून काढून घेतली जाईल. मी न वाचताच ओके केलं. संचाला नाव दिलं 'सांगली' :-)

स्वर्ग! हाताला घर सापडलं. कामाचा वेग दुप्पट झाल्यासारखा वाटला.

फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. ते मशीन माझं एकट्याचं नव्हतं.

आमच्या खात्यात तेव्हा दोन कॉम्प्युटर आणि चार माणसं. विंडोजचं लॉगिन सगळ्यांना मिळून एकच. या सेटिंग्ज विंडोजच्या त्या-त्या यूजरच्या खात्यात साठतात. यूजर एक म्हणजे संच एक. म्हणजे माझी 'सांगली' सगळ्यांच्या माथी. माझ्या जागेवर दुसऱ्या पाळीत बसायचे आमचे अरबी मजकूर बघणारे इजिप्शियन सहकारी. वयाने माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठे. त्यांना सगळे 'उस्ताज' म्हणायचे, आपल्याकडे मास्तर म्हणतात तसं. ते मला म्हणायचे 'बाशमोहंदिस', म्हणजे इंजिनिअरसाहेब. मी डिप्लोमासुद्धा अर्धवट सोडलेला, पण इजिप्तमध्ये कॉम्प्युटरवर बसणारा प्रत्येक जण बाशमोहंदिस असतो.

बरेच महिने काही झालं नाही, कारण उस्ताज माऊसने क्रॉसवर टिचकी मारून प्रोग्रॅम बंद करायचे. मग २००८ चा रमजान आला, सप्टेंबरात. उन्हाळा ओसरलेला नसतो, दिवसभर पाणी नाही. कामाचे तास कायद्याने दोन कमी, पण ट्रकला ते कळत नाही. एका संध्याकाळी इफ्तारला पाऊण तास उरलेला, कंपनीची बस गेटवर हॉर्न वाजवतेय, आणि उस्ताज एका खाद्यतेलाच्या लेबलचा अरबी मजकूर संपवतायत. त्यांनी कंट्रोल-ए करून कुठे काही सुटलं नाही ना ते पाहिलं. कंट्रोल-एस केलं. आणि घाईत, ज्या इलस्ट्रेटरवर ते कैरोमध्ये शिकले होते त्याच्या रीतीने, कंट्रोल-क्यू दाबलं.

प्रोग्रॅम बंद झाला नाही. सगळा मजकूर कर्व्ह झाला. पडद्यावर फरक काही दिसत नाही, फक्त निळ्या ठिपक्यांची दाटी होते. त्यांना वाटलं मशीन अडकलं. क्रॉसवर टिचकी मारली. "सेव्ह करू?" आत्ताच तर सेव्ह केलं होतं, पण हात आपोआप एंटरवर गेला. मूळ फाइलवर चित्रं सेव्ह झाली, आणि उस्ताज धावत बस पकडायला गेले.

शनिवारी त्यांची रजा होती. ग्राहकाचा फोन आला, अरबीतल्या एका सूचनेतला एक शब्द काढा आणि खालची ओळ वर घ्या, गाडी दुपारी निघायची आहे. मी फाइल उघडली तर टाइप टूल लागेना. सगळं कर्व्ह. मनात उस्ताजना चार शिव्या दिल्या. म्हटलं, जाऊ दे, एक शब्द तर काढायचाय. पांढऱ्या बाणाने चौकट ओढून तो शब्द पकडला, काढला, उरलेलं सरकवलं.

अरबी येत नसणाऱ्यांसाठी सांगतो. तिच्यात ब, त आणि थ यांचा सांगाडा एकच. खाली एक ठिपका, वर दोन, वर तीन, एवढाच फरक. आपला अनुस्वार गेला तरी वाचणारा बहुतेक वेळा सावरून घेतो. तिथे ठिपका हलला की अक्षरच दुसरं. माझ्या चौकटीतून एक ठिपका निसटला. बाकीचं सरकलं, तो जिथल्या तिथे राहिला, आणि वर आलेल्या ओळीतल्या भलत्याच अक्षराखाली जाऊन बसला. मला अरबी वाचता येत नाही. ज्यांनी प्रूफ पास केलं ते गृहस्थही माझ्यासारखेच. इथे खाद्यपदार्थाच्या लेबलवर अरबी सक्तीची आहे, पण ती छापणारे आणि पास करणारे आम्ही दोघेही ती चित्रासारखी पाहत होतो.

लेबलं छापली, गेली, आणि सोमवारी परत आली. ग्राहकाच्या गोदामातल्या एका माणसाने सहज वाचलं आणि तो हसायला लागला. शब्दाचा अर्थ काय झाला होता ते मी इथे लिहीत नाही :-( 

मॅनेजरने सगळ्यांना बोलावलं. अरबी कोण बघतं? उस्ताज. मजकूर लाइव्ह का नाही ठेवला? ते म्हणाले, "मी कर्व्ह केलंच नाही. त्या आज्ञेकडे मी गेलोच नाही. सेव्ह केलं, कंट्रोल-क्यू केलं आणि घरी गेलो."

मंडळी, त्या वाक्याला मला सगळं कळलं. माझ्या पाठीला घाम फुटला तो आजही आठवतो. बाकी कुणाला काही कळलं नाही. मॅनेजर म्हणाले, मशीन स्वतःहून असं करत नाही. छपाईच्या नुकसानीतला हिस्सा उस्ताजच्या पगारातून हप्त्याने कापायचं ठरलं. ते काही बोलले नाहीत. ईद तोंडावर, घरी तीन मुलं.

आणि मीही काही बोललो नाही.

का, ते सांगतो, उगाच साळसूदपणा नको. बायको नुकतीच इथे आली होती, फॅमिली व्हिसा कंपनीच्या पगारपत्रकावर अवलंबून. सांगलीत भावाबरोबर घेतलेल्या घराचे हप्ते चालू. त्यात तो ठिपका मीच सोडला होता, म्हणजे चूक दुहेरी माझी. मी स्वतःला सांगत होतो, की त्यांनीही एंटर दाबायला नको होतं. तीन दिवस हे चाललं. तीन दिवस मी रोज सकाळी पहिलं काम म्हणून कंट्रोल-क्यू करत होतो आणि दर वेळी मला त्यांचं ते वाक्य ऐकू येत होतं.

चौथ्या दिवशी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. त्यांना मशीनवर बसवलं आणि म्हटलं, एखादी ओळ सिलेक्ट करा आणि कंट्रोल-क्यू दाबा. दाबलं. बराच वेळ ते पडद्याकडे बघत राहिले. मग एवढंच म्हणाले, "हे सोमवारीच सांगायला हवं होतंस." पगारकपात उस्ताजवरून माझ्यावर आली आणि त्या वर्षीची पगारवाढ गेली. तक्रार नाही. नोकरी राहिली हेच खूप.

उस्ताजची माफी मागायला गेलो, तर ते आठवडाभर कामापुरतंच बोलले. ईदनंतर एक दिवस दोन कप कडक चहा घेऊन माझ्या जागेवर आले. म्हणाले, "बाशमोहंदिस, घराचं कुलूप बदललंस तर बायकोला नवी किल्ली देतोस की नाही?" मी म्हटलं, देतो. "मग मी काय बाहेरचा होतो?"

मला वाटतं शॉर्टकट बदलण्याबद्दल सांगण्यासारखं सगळं त्यात आलं. कळ ही बोटांची सवय आहे, आणि सवय प्रत्येकाची आपापली. पण मशीन सामायिक असेल, तर तुम्ही बदललेली कळ ही दुसऱ्याच्या हाताखालून काढून घेतलेली कळ असते. त्याला ते डोळ्यांनी दिसत नाही, कारण तोही न बघताच दाबतो. शॉर्टकटचा सगळा फायदा 'न बघता' यात आहे, आणि सगळा धोकाही त्यातच.

तर मग बदलावेत का? बदलावेत, जरूर. मी आजही बदलतो. पण त्या दिवसापासून काही नियम केले, ते देतो :

१. बंद करणं, सेव्ह, अंडू, प्रिंट यांच्या कळांना हात लावायचा नाही. म्हणजे क्यू, एस, झेड, पी, डब्ल्यू. ज्या कळेची चूक परत फिरवता येत नाही, ती कळ सगळ्यांची. नवी सोय हवी असेल तर रिकामी कळ शोधा. प्रोग्रॅम 'ही कळ दुसऱ्याकडे आहे' म्हणतो ना, ते वाक्य पूर्ण वाचा. कोरेलमध्ये टूल्स, ऑप्शन्स, कस्टमायझेशन असं गेलात की शॉर्टकटच्या पानावरही कळ आधी कुणाकडे आहे ते दिसतं.

२. आधी शोधा, मग बदला. पुष्कळ गोष्टींना कळ आधीपासून असते, आपल्याला माहीत नसते. कोरेलमध्ये दोन वस्तू सिलेक्ट करून नुसतं एल, आर, टी, बी, सी, ई दाबलं तर त्या डावी, उजवी, वर, खाली किंवा मध्यावर एका रेषेत येतात, आणि पी दाबलं की पानाच्या मध्यभागी. दहा वर्षं काम करणारे लोकही हे माऊसने करताना बघितले आहेत. इलस्ट्रेटरमध्ये अलाइनला बरीच वर्षं कळ नव्हती, तेव्हा आम्ही ॲक्शन रेकॉर्ड करून तिला एखादी एफ-कळ द्यायचो. आजही ही युक्ती चालते.

३. आपला संच आपल्या नावाने सेव्ह करा आणि त्याची फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. अडोबीच्या प्रोग्रॅममध्ये मूळ डिफॉल्ट संच पुसला जात नाही, वरच्या यादीतून कधीही परत निवडता येतो. दुसऱ्या कुणाला मशीन देण्यापूर्वी तो निवडून ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे विंडोजचं लॉगिन प्रत्येकाचं वेगळं करा. आमच्याकडे त्या प्रकरणानंतर आठवड्याभरात झालं. तुमच्याकडे प्रकरण होण्याआधी होऊ द्या.

४. बदललेल्या कळांची यादी कागदावर छापून मॉनिटरच्या कडेला चिकटवा. इलस्ट्रेटरमध्ये त्याच खिडकीतून संचाची यादी मजकूर म्हणून बाहेर काढता येते, कोरेलमध्येही येते. पाच-सहापेक्षा जास्त कळा बदलल्या असतील तर यादी कुणी वाचणार नाही, म्हणजेच तुम्ही जास्त बदलल्यात.

५. कर्व्हची फाइल वेगळी, मूळ फाइल वेगळी. नावातच लिहा. सांगलीच्या मालकांचा दुसरा प्रश्न मी हमरियात विसरलो होतो, नाहीतर ही सगळी कथा घडलीच नसती.

आता आखातात काम करणाऱ्यांसाठी खास एक. विंडोजमध्ये अरबी आणि इंग्रजी असे दोन कीबोर्ड असले, की डावा ऑल्ट आणि शिफ्ट एकदम दाबल्यावर भाषा बदलते. आणि इलस्ट्रेटरमध्ये वस्तूची सरळ रेषेत नक्कल करायला काय दाबून ओढायचं असतं? ऑल्ट-शिफ्ट! म्हणजे चार नकला करेपर्यंत कीबोर्ड गुपचूप अरबी झालेला असतो, आणि मग व्ही दाबलं तरी सिलेक्शन टूल यायचं नाव नाही. आमच्याकडे कित्येक नव्या मुलांनी यापायी मशीन रीस्टार्ट केलेलं आहे. विंडोजच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये जाऊन ती ऑल्ट-शिफ्टची अदलाबदल बंद करा आणि भाषेसाठी विंडोज-स्पेस वापरा. मराठी इनस्क्रिप्ट लावून बसणाऱ्यांनाही हे लागू आहे.

दुसरी नेहमीची फजिती म्हणजे टाइप टूल चालू असताना व्ही दाबणं. टूल बदलायच्या ऐवजी मजकुरात एक 'व्ही' टाइप होतो, आणि छपाईपर्यंत कुणाला दिसत नाही. टेस्लर आयुष्यभर याच्याच विरुद्ध होते. एकच कळ आत्ता एक आणि मग दुसरं काम करते, अशा 'मोड'ना त्यांचा इतका विरोध, की त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवर 'नो मोड्स' असं होतं. आपल्या हातात एवढंच, की मजकूर संपला की इलस्ट्रेटरमध्ये एस्केप आणि फोटोशॉपमध्ये कंट्रोल-एंटर दाबायचं, आणि मगच टूलची कळ. हेही हाताला लावून घ्या.

उस्ताज पुढे बरीच वर्षं आमच्याबरोबर होते. नंतर ते अलेक्झांड्रियाला घरी परतले. जाण्याआधी त्यांनी मला अरबी अक्षरं वाचायला शिकवली, ठिपक्यांसकट. अर्थ अजून कळत नाही, पण कुठला ठिपका कुणाचा ते आता कळतं. प्रूफ पास करताना मी ओळ बोटाने वाचतो, उजवीकडून डावीकडे, पहिलीतल्या पोरासारखी. नवीन मुलं हसतात. हसू देत.

आणि कंट्रोल-क्यू? माझ्या मशीनवर ती आता प्रोग्रॅम बंदच करते. तरी महिन्यातून एखाद वेळी, काम संपलं की हात चुकतोच. इलस्ट्रेटर विचारतं, सेव्ह करू का? मी कॅन्सल करतो, कंट्रोल-शिफ्ट-ओ दाबतो. पण त्याआधी मूळ फाइल वेगळी ठेवली आहे ना, ते बघतो.

पुढच्या वेळी मराठी कळफलकाबद्दल, रेमिंग्टनवाले आणि इनस्क्रिप्टवाले यांच्या भांडणासकट. तुमच्या हाताला लागलेल्या आणि सुटता न सुटणाऱ्या कळा कुठल्या, ते जरूर कळवा.

आपला,
हमरियाकर

ता.क. : घरच्या कॉम्प्युटरवर मुलाने तुमच्या फोटोशॉपचे शॉर्टकट बदलले असतील तर रागावू नका. संचाच्या यादीतून डिफॉल्ट निवडा. आणि त्याला नवी किल्ली मागून घ्या.